रंग-ब्लीचनंतर दर वेळी केस तुटतात? कंपनी बदलण्याआधी हे तपासा

तक्रार जवळपास एकाच शब्दांत येते. "ताई, रंग केला तेव्हा केस मस्त होते, तिसऱ्या आठवड्यात पार काथ्या झालाय." कंगवा अडकतो, बाथरूमच्या जाळीवर केस दिसतात, रंगही उतरलेला असतो. मग मैत्रीण सांगते, कंपनी बदल. कंपनी बदलली जाते, महागातला अमोनिया-फ्री रंग येतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच रडगाणं.

नाशिकमध्ये पार्लर चालवताना हे मी कॉलेज रोडच्या, हायलाइट्स केलेल्या मुलींकडून ऐकते आणि फक्त पांढरे झाकणाऱ्या पंचवटीतल्या काकूंकडूनही. दोघींच्या केसांत फरक आहे, पण दुखणं बहुतेकदा एकच निघतं: जो केस आधीच रंगवलेला आहे, त्याच्यावरच पुन्हा रंग किंवा ब्लीच जातं. रंग कुठला होता यापेक्षा तो कुठवर लावला, हे आधी विचारायला हवं. तेच कुणी विचारत नाही.

गळतात की तुटतात?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण दोन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. जाळीवरचे पाच-सहा केस उचला, पुसा आणि गडद रंगाच्या कापडावर ठेवून दोन्ही टोकं बघा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा दिसला, तर तो केस मुळापासून सुटलेला आहे. दिवसाला पन्नास ते शंभर केस असे जाणं हा निसर्गनियम आहे. त्याहून बरेच जास्त जात असतील तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा: डेंग्यू, मोठा ताप, बाळंतपण, एकदम कमी केलेलं जेवण. केस गळायला लागतात ते अशा गोष्टीनंतर एवढ्या अंतरानेच, त्यामुळे मधल्या काळात केलेल्या रंगावर उगाच आळ येतो. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. पार्लरमध्ये त्यावर औषध नाही, कुणी विकत असेल तरी नाही.

गोळा नसेल, तुकडे कमी-जास्त लांबीचे असतील, तर केस मधेच तुटतोय. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

आता आरशासमोर उभं राहून भांगाजवळची एक बट वर धरा. तुटून आखूड झालेले केस उभे राहिलेले दिसतील. त्यांची लांबी टाळूपासून पट्टीने मोजा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुटके केस सहा-सात सेंटिमीटरचे असतील आणि बहुतेक एकाच उंचीवर तुटलेले असतील, तर पाच-सहा महिन्यांपूर्वी टाळूजवळ जे काही केलं, ती जागा आता तिथे पोचली आहे. फोनमधले फोटो काढून तारीख बघा. बहुतेक वेळा तिथे एखादं लग्न किंवा दिवाळी सापडते, आणि त्याआधीच्या आठवड्यात केलेलं "रूट्सचं ब्लीच", ज्यात नव्या वाढीवर लावलेलं मिश्रण खाली आधीच ब्लीच झालेल्या केसावर ओघळलं होतं. तो पट्टा दोनदा जळला, म्हणून केस तिथेच तुटतो.

फक्त टोकं फाटलेली असतील आणि वरचे केस ठीक असतील, तर खूण वेगळी आहे. टोकं मुळांपेक्षा जास्त काळी आहेत का ते उन्हात बघा. मुळांजवळ तपकिरी झाक आणि खाली काळीकुट्ट, निस्तेज टोकं, हे दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत रंग फासल्याचं लक्षण आहे. राठ झालेला केस रंग जास्त शोषतो, त्यामुळे प्रत्येक वेळी टोकं आणखी गडद होत जातात.

आत नेमकं काय होतं

केसाच्या बाहेर एकावर एक बसलेले बारीक खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर. हा थर तुम्ही लावलेल्या तेलाचा नव्हे, केस उगवतो तेव्हाच सोबत आलेला. त्याच्यामुळे केस एकमेकांवरून घसरतात आणि पाणी धरून ठेवत नाहीत. आतल्या भागात केराटिन हे प्रथिन आणि काळा रंग देणारं मेलॅनिन.

पांढरे झाकणारा कायमचा रंग दोन भागांत येतो, ट्यूब आणि डेव्हलपर. ट्यूबमध्ये रंगाचे लहान रेणू आणि एक अल्कली असते. अल्कलीने केस फुगतो, खवले उघडतात आणि रंग आत जातो. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मूळचा काळा रंग थोडा उडवतं आणि लहान रेणू एकमेकांना जोडून मोठे करतं, म्हणजे ते सहज बाहेर पडत नाहीत. अमोनिया-फ्री पाकिटात अमोनियाच्या जागी बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमाइन असतं. काम तेच. अमोनिया निदान उडून जातो, हे उडत नाही; केस नीट धुतले नाहीत तर आत राहतं. डोळे चुरचुरत नाहीत म्हणजे केसाला त्रास नाही, असा अर्थ काढू नका.

ब्लीचमध्ये रंग नसतोच. परसल्फेटची पावडर आणि पेरॉक्साइड मिळून मेलॅनिनच मोडतात. आपल्या काळ्या केसाला पिवळ्यापर्यंत नेताना तो आधी लालसर तपकिरी, मग नारिंगी, मग पिवळा होतो. वाट लांबची आहे, आणि त्या वाटेवर मेलॅनिनबरोबर केराटिनही मोडतं. केराटिनच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे गंधकाचे बंध पेरॉक्साइडने एकदा अशा रीतीने तोडले की ते बंध उरतच नाहीत, त्यांचं सिस्टेइक आम्ल होतं. बाहेरचा तो स्निग्ध थर तर पहिल्याच ब्लीचमध्ये बराचसा जातो आणि केस मेलेला असल्याने तो पुन्हा तयार होत नाही. त्यानंतर कंडिशनर जे करतं ती तात्पुरती डागडुजी.

डेव्हलपरच्या बाटलीवरचे आकडे वाचायची सवय लावा. 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12 टक्के. पांढरे झाकायला 20 लागतो. नुसता रंग ताजा करायला 10 किंवा त्याहून कमी पुरतो. "लवकर होईल" म्हणून कुणी टाळूला लागेल असं 40 व्हॉल्यूमचं ब्लीच लावत असेल तर खुर्चीतून उठा.

आता रंग लवकर उतरण्याची गोष्ट. ज्या केसाचा वरचा थर गेलाय त्यात रंग पटकन शिरतो आणि तितक्याच पटकन बाहेर येतो. शॅम्पू राहू द्या, नुसत्या पाण्यानेही उतरतो. रंग उतरला म्हणून पुन्हा रंग, त्याने केस आणखी पोकळ, म्हणून रंग आणखी लवकर उतरतो. वारंवार येणाऱ्या तक्रारीचं चक्र हेच आहे.

या पोकळपणाचा नाशिकमधला सगळ्यात रंगीत पुरावा रंगपंचमीनंतर दिसतो. तिवंधा चौकात किंवा शनी चौकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलेल्या काळ्या केसांचा रंग धुऊन निघतो. ब्लीच केलेल्या टोकांचा निघत नाही, ती पुढचे कित्येक दिवस रहाडीचा रंग मिरवतात. रहाडीत जायचंच असेल (आणि जायलाच हवं), तर आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडा आणि घट्ट वेणी घाला.

ओल्या केसाची चाचणी

घरी करता येण्यासारखी ही सगळ्यात कामाची चाचणी. ग्लासातल्या पाण्यात केस टाकून तरंगतो की बुडतो हे बघण्याची जी टूम आहे ती सोडून द्या. केसावर तेल असलं तरी निकाल बदलतो.

धुतलेल्या केसांतून एक केस घ्या, ओला असतानाच दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढा. धडधाकट ओला केस साधारण एक तृतीयांशाने लांबतो आणि सोडला की मूळ लांबीवर येतो. तो लांबत जाऊन तसाच ढिला, वेडावाकडा राहिला तर आतले बंध गेलेत. न ताणताच पटकन तुटला तर फारच वाईट. डोक्याच्या तीन-चार जागांचे केस तपासा: भांग, कानशील, मानेजवळ, आणि टोकं वेगळी. केस ढिला राहत असेल किंवा ताणताच तुटत असेल त्या भागावर ब्लीच बंद, रिबाँडिंग बंद, स्मूदनिंगही बंद. लग्नसराईत एकाच आठवड्यात हायलाइट्स आणि रिबाँडिंग दोन्ही मागणाऱ्या मुली येतात. एक रसायन बंध ऑक्सिडेशनने तोडतं, दुसरं वेगळ्या मार्गाने तोडून नव्याने जुळवायला बघतं. जुळवायला तिथे पुरेसं शिल्लक राहिलेलं नसतं. ब्लीच झालेल्या केसावर रिबाँडिंग करू नये, अंतर ठेवूनही.

काळ्या मेंदीचं प्रकरण

काकू मंडळींचा हा हुकमी एक्का. "मी केमिकल कधीच वापरत नाही, फक्त काळी मेंदी." मेंदीच्या पानातून येणारा रंग नारिंगी-लाल असतो, तो केराटिनला चिकटतो, केस थोडा कोरडा करतो, पण केसाचे बंध तोडत नाही. नुसती मेंदी काळी होत नाही. पाकिटातली मेंदी पाऊण तासात काळी करत असेल, तर मागच्या बाजूचे घटक वाचा: बहुधा पीपीडी म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाइन असतं, आणि सोबत पेरॉक्साइड सोडणारं काहीतरी. म्हणजे हा रंगच झाला, आणि तोही दर वेळी मुळापासून टोकापर्यंत लावलेला. मेंदी रात्रभर ठेवायची सवय असल्याने काही जणी हीसुद्धा तासन्‌तास ठेवतात. रंगाची क्रिया तीस-चाळीस मिनिटांत उरकते, नंतर केस आणि टाळू नुसतेच भिजत पडतात.

सुट्या मेंदीत कधी धातूंचे क्षार मिसळलेले असतात, आणि ती वर्षानुवर्षं लावून मग कुणाला अचानक हायलाइट्स हवे असतात. अशा केसावर ब्लीच लावलं तर पेरॉक्साइड आणि धातू यांची जोरात क्रिया होते. म्हणून आधी एक बारीक बट मानेजवळून कापून प्लॅस्टिकच्या वाटीत ब्लीचच्या मिश्रणात ठेवतात. वाटी हाताला गरम लागली, बुडबुडे आले, उग्र वास सुटला किंवा बटेचा लगदा झाला, की विषय संपला: त्या केसांवर ब्लीच नाही. अर्धा तास वाट बघावी लागते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ही चाचणी टाळतात. तुम्ही स्वतः मागा. आणि मेंदी लावत होता हे लपवू नका, दोन वर्षांपूर्वीची असली तरी. लांब केसांच्या टोकाला ती अजून आहे.

पाण्याचं काय?

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने बरं. अडचण येते ती बोअरवर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत, विशेषतः उन्हाळ्यात. बादलीच्या कडेला आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे. पोकळ झालेला केस हे क्षार धरून ठेवतो आणि राठ लागतो. अशा वेळी केस रंगाने बिघडलेत असं वाटतं, पण निम्मा दोष पाण्याचा असतो. ओळखायची सोपी युक्ती: एकदा डोकं नेहमीसारखं धुऊन शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे घ्या. फरक जाणवला तर क्षार काढणारा, ईडीटीएसारखा घटक असलेला शॅम्पू पंधरवड्यातून एकदा वापरा, रोज नको.

तांबं हा त्याहून खोडकर गडी. उन्हाळ्यात सावरकर जलतरण तलावावर किंवा सोसायटीच्या तलावात पोहणाऱ्या मुलींचे ब्लीच केलेले केस हिरवट दिसायला लागले की सगळ्या क्लोरीनला शिव्या देतात. हिरवेपणा येतो तो पाण्यातल्या तांब्यामुळे. शेवाळ मारायला काही तलावांत मोरचूद वापरतात. बागायतदारांच्या घरच्यांना वेगळं सांगायला नको, द्राक्षावर डाऊनी रोगासाठी बोर्डो मिश्रणात मारतात तेच. केसात बसलेलं तांबं पुढच्या रंगाच्या वेळी पेरॉक्साइडशी क्रिया करून नुकसान वाढवतं, म्हणून रंगाच्या आधीच्या धुण्यात क्षार काढणारा शॅम्पू वापरणं फायद्याचं. पोहायला जाण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून, थोडं तेल लावून टोपी घाला. भरलेल्या केसात तलावाचं पाणी कमी शिरतं.

झालेल्या केसांचं आता काय करायचं

फाटे फुटलेलं टोक जुळत नाही. सिरमने ते काही तास चिकटून राहतं एवढंच. जिथवर फाटलंय त्याच्या थोडं वर कापा. न कापल्यास फाटा वर चढत जातो. केस वाढवायचेत म्हणून कापायचे नाहीत, हा हट्ट उलटा पडतो.

खोबरेल तेल धुण्याआधी लावा, नंतर नाही. इथे आजीचं बरोबर होतं आणि त्याला आधार आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने असं होत नाही, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसलं होतं. रात्रभर ठेवा किंवा दोन तास ठेवा, फक्त लांबीवर आणि टोकांवर. शॅम्पू टाळूला लावा. लांबीवरून वाहणारा फेस तिथे पुरतो. कंडिशनर प्रत्येक वेळी, कानाच्या खाली, आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता काढत जा. ब्लीच केलेला केस ओला असताना सगळ्यात कमजोर असतो. टॉवेलने खसाखसा पुसणं आणि ओल्यातच बारीक कंगवा घालणं, यात जितके केस तुटतात तितके रंगाने तुटत नसतील. ओल्या केसावर स्ट्रेटनर अजिबात नको. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या पोटात फुगे तयार होतात आणि तो तिथे तुटतो.

बंध दुरुस्त करणारी जी उत्पादनं हल्ली मिळतात, त्यांतली काही ब्लीचच्या वेळी मिसळली तर नुकसान कमी होतं, हे मी मान्य करते. पण ती घेतली म्हणून ब्लीच पुन्हा लगेच करता येतं असं नाही. लिंबू, बेकिंग सोडा, कांद्याचा रस या घरगुती प्रयोगांपैकी सोड्याला तर हातही लावू नका. तो अल्कली आहे, खवले पुन्हा उघडतो. केस नारिंगी दिसत असतील तर निळा आणि पिवळट दिसत असतील तर जांभळा शॅम्पू वापरा. त्यासाठी पुन्हा ब्लीच करायची गरज नसते.

पुढच्या वेळी पार्लरमध्ये काय सांगायचं

"फक्त टच-अप, नव्या वाढीवरच." एवढं वाक्य पुरेसं आहे, पण त्यावर अडून बसावं लागतं, कारण "ग्लोबल"चा, म्हणजे सगळ्या केसांना रंग लावण्याचा, दर जास्त असतो. पांढरे झाकताना रंग मुळांजवळच्या एक-दोन सेंटिमीटरवर राहिला पाहिजे. खालच्या केसांना आधी कंडिशनर किंवा तेल लावून घेतलं तर ओघळ तिथे कमी लागतो. लांबी फिकी वाटत असेल तर पेरॉक्साइड नसलेला, वरवर बसणारा रंग किंवा रंगाचा मास्क घ्या. दोन टच-अपमध्ये पाच-सहा आठवडे जाऊ द्या. भांगातले पांढरे तिसऱ्या आठवड्यातच दिसत असतील तर मधल्या काळात मुळांवर लावायची कांडी किंवा पावडर वापरा, नाहीतर भांग बाजूला पाडा. काळ्या रंगावरून तपकिरी हवा असेल तर लक्षात ठेवा, रंगाने रंग उतरत नाही. तिथे बहुतेक वेळा ब्लीच लागतं, आणि ओल्या केसाच्या चाचणीत केस नापास झाला असेल तर ते काळे केस वाढून कापले जाईपर्यंत थांबणं हाच मार्ग आहे. ऐकायला आवडत नाही, माहीत आहे.

प्रत्येक वेळी शेड नंबर, डेव्हलपरचा व्हॉल्यूम आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. पार्लर बदललं तरी ही नोंद तुमच्याबरोबर येते.

टाळूची तक्रार मात्र इतकी सरळ नसते. लावताना थोडी चुरचुर होणं वेगळं, आणि रंगानंतर एक-दोन दिवसांनी कपाळाच्या कडेला, कानांमागे, मानेवर खाज सुटून पुरळ येणं, पापण्या सुजणं वेगळं. दुसरी बहुधा पीपीडीची अ‍ॅलर्जी असते. ती वर्षानुवर्षं वापरलेल्या रंगानेही एक दिवस होऊ शकते आणि पुढच्या प्रत्येक वेळी वाढते. अमोनिया-फ्री घेऊन ती टळत नाही, कारण अमोनियाचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून प्रत्येक पाकिटाआधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबायचं. एकदा अशी प्रतिक्रिया आली असेल तर ही घरची चाचणीही करू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पाकीट सोबत न्या, घटक त्यावरच असतात. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर डोकं धुऊन सरळ दवाखाना गाठा.